तारेमागील पिढी आणि आपली लेखणी

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत स्मरणिकेच्या मजकुराचा विषय निघाला, त्या वेळी सभासदांत सरळसरळ दोन तट पडले. सेटलमेंटच्या दिवसांविषयी काहीही छापू नये, असे ज्येष्ठांपैकी बहुतेकांचे म्हणणे पडले. स्मरणिका सोयऱ्याधायऱ्यांच्या घरी जाते, मुलांच्या कचेरीतील मित्रांच्या हाती पडते. जो शिक्का पुसण्यात दोन पिढ्यांचे आयुष्य गेले, तो आपण होऊन पुन्हा कपाळावर का उमटवून घ्यावा, असा त्यांचा प्रश्न होता. तरुणांचे म्हणणे असे की, आम्हांस कोणी काही सांगितलेच नाही; आम्ही जे वाचतो ते परक्यांनी लिहिलेले. दोन्ही बाजू मनाला पटाव्यात अशाच आहेत. म्हणून हा विषय टाळून न जाता त्याचा थोडा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

ज्या कायद्याने हे सर्व घडले तो १८७१ सालचा. 'गुन्हेगार जमातींचा कायदा' हे त्याचे नाव. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. सुताराचा मुलगा जसा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होतो, असा त्यामागील विचार होता. आणि आपल्याच जातिव्यवस्थेकडे बोट दाखवून त्या विचाराचे समर्थन करण्यात आले, ही गोष्ट आपण सर्वांनीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या कायद्यान्वये सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की, तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत घालता येत, त्यांच्या बोटांचे ठसे घेता येत, त्यांनी कोठे राहावे व किती वेळा हजर राहावे हे ठरविता येई. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक शाळेत ठेवण्याचीही तरतूद होती. एखाद्याने चोरी केली की नाही, हा प्रश्नच उरला नव्हता. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पाहिले की पुरे होई.

आपला कैकाडी समाज या यादीत होता. पारधी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट हेही होते. विजापूर, हुबळी, गदग, बारामती या ठिकाणांप्रमाणे सोलापुरासही वसाहत झाली आणि ती इलाख्यातील मोठ्या वसाहतींत गणली जाऊ लागली. सोलापूरच का, याचे उत्तर गावाच्या भोंग्यांत सापडते. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू आदी गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांना हात हवे होते आणि तारेच्या आत हात होते. मुंबई इलाख्यात या वसाहतींचा कारभार दीर्घकाळ स्टार्ट नामक अधिकाऱ्याकडे होता. सोलापुरात काही काळ अमेरिकन मराठी मिशननेही तो पाहिला. स्टार्टसाहेब मनाने वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. मागासवर्गांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी पुढे जी समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमण्यात आली, तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते आणि १९३० च्या त्या अहवालाचा अनेकांना लाभ झाला. वसाहतीत शाळा होती. आपल्यांतील पहिली अक्षरे पुष्कळांनी तेथेच गिरविली. परंतु शाळेभोवतीही तार होती. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जावयाचे तर पास, पाहुणा आला तर वर्दी. फोक तोडीत, गाढवांवर बिऱ्हाड घालून गावोगाव हिंडणारा माणूस पाळीला जाऊन परत येऊ लागला, याला कोणी सुधारणा म्हणोत. अहवालांत तसेच म्हटलेले आहे.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून गेला. तो दिवस आपण विमुक्त दिन म्हणून पाळतो. तार निघाली, तथापि पुढे 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे आले आणि पोलिसांची जुनी सवय जागच्या जागी राहिली. त्याहून खोल राहिली ती आपली सवय. मुलाला आडनाव बदलून शाळेत घालणे, घरची बोली बाहेर न बोलणे, खाकी कपडा दिसला की बोलणे थांबविणे, दिवेलागणीला सर्वजण घरी आले की नाही ते मोजणे. ज्यांनी तार पाहिलीच नाही अशा नातवंडांतही ही मोजणी आलेली आम्ही पाहतो. एकाच्या अंगावरील घाव तो माणूस गेल्यावर संपतो. सबंध जमातीच्या मनावरील घाव न सांगताही पुढे जातो. किंबहुना, न सांगितल्यामुळेच तो जातो, असे आमचे मत झाले आहे.

या ठिकाणी आपल्याच शहरातील एका दुसऱ्या घावाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची वार्ता येताच सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे मेली, पोलीसही मारले गेले. १२ मेच्या रात्री लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. डोक्यावर गांधी टोपी घालणे हाही त्या दिवसांत अपराध ठरत होता. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चार माणसे, चार निरनिराळ्या समाजांची. हा आघात सोलापूरने कसा सोसला? शहराने त्या चौघांची नावे दडविली नाहीत. त्यांच्यावर गाणी झाली, भाषणे झाली, पुतळे उभे राहिले, चौकाला नाव मिळाले; पुण्यास जाणाऱ्या आगगाडीलाही 'हुतात्मा' हे नाव आहे. आणि ज्या सभागृहात सोलापूरकर मंडळी नाटके पाहावयास जातात, त्याचे नाव हुतात्मा स्मृती मंदिर. फाशीच्या स्मृतीस नाट्यगृह वाहावे ही कल्पना ज्या कोणास सुचली त्याचे आम्हांस कौतुक वाटते. तेथे बसून माणसे हसतात, रडतात, आणि आत शिरताना त्या चौघांचे नाव वाचतात.

सात आठवड्यांचा लष्करी कायदा शहराने असा आपलासा केला. आपल्या वाडवडिलांच्या वाट्यास त्याच शहरात जो कायदा आला तो आठवड्यांचा नव्हता, पिढ्यांचा होता. त्याची खूण म्हणून काय उरले? 'सेटलमेंट' हे वस्तीचे नाव, आणि ते उच्चारताना थोडा खाली येणारा आवाज. हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही. हुतात्म्यांच्या गौरवात आपलाही वाटा आहेच. पण शहराला आपला घाव सांगता आला आणि आपल्याला आला नाही, यामागील कारण शोधले पाहिजे. फासावर गेलेल्यांच्या नावाबरोबर अभिमान होता. आपल्याजवळ नोंदवही होती; तीत आपले नाव दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्याच्या शब्दांत लिहिलेले होते. ज्याच्याविषयी सदैव दुसराच लिहितो, त्याला स्वतःविषयी लिहिण्याचीही लाज वाटू लागते.

ही लाज प्रथम फोडली ती साहित्याने. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. अण्णा भाऊ वाटेगावचे, मांग समाजातील. त्या समाजावरही हजेरीचा जाच होता आणि कादंबरीत तो आहे. परंतु अण्णा भाऊंनी काय केले पाहा. सरकारी कागदात जो दरोडेखोर ठरला असता तो त्यांनी दुष्काळात भुकेल्या माणसांकरिता धान्य लुटणारा नायक म्हणून उभा केला. घटना त्याच, हात बदलला. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. अण्णा भाऊ मुळात शाहीर. १९४४ साली निघालेल्या लाल बावटा कलापथकात त्यांच्याबरोबर आपल्या बार्शीचे अमर शेख होते. कोठेही वाचनालय नसलेल्या वस्त्यांत ही माणसे डफावर इतिहास सांगत होती, हे स्मरणात ठेवले म्हणजे पुढील पिढीच्या पुस्तकांचे मूळ कळते.

त्यानंतर १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले. लेखक आपल्याच समाजातील, फलटण तालुक्यातील निरगुडीचे. पालातील जन्म, फोकाचा भारा, गाढवे, शाळेच्या दाराशी झालेली अवहेलना, हे सर्व त्यांनी जसेच्या तसे लिहिले. १९८१ साली त्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मग जणू बांध फुटला. १९८३ साली दादासाहेब मोरे यांचे 'गबाळ', १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' व बेळगावकडील भीमराव गस्ती यांचे 'बेरड'. 'उचल्या'लाही १९८८ चा अकादमी पुरस्कार लाभला. ज्या शब्दाने पोलीस हाक मारीत तोच शब्द पुस्तकाच्या पाठीवर छापावयाचा, यातील धीटपणा आज कदाचित लक्षात येणार नाही. शिवी लेखकाने स्वतःच्या हाताने लिहिली आणि ती मारणाऱ्याच्या हातून निसटली.

आता, ही पुस्तके आपल्या घरांत आनंदाने वाचली गेली असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पुष्कळांनी ती लपवून वाचली. घरातील उपास, भांडणे, जातपंचायतीचे दंड, बायकांचे हाल चव्हाट्यावर मांडले म्हणून राग धरणारे होते, अजूनही आहेत. आम्हांस हा राग सर्वस्वी अवाजवी वाटत नाही. बाहेरचा वाचक कधी कधी अशी पुस्तके जत्रेतील तमाशाप्रमाणे वाचतो. हळहळतो आणि पान उलटतो. शिवाय लिहिणाऱ्याने आपले लिहिले तरी त्यात त्याची आई, बहीण, शेजारी येतात, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. एक उणीवही आम्ही येथे नोंदवितो. या सर्व गाजलेल्या पुस्तकांचे लेखक पुरुष आहेत. तारेच्या आत बाळंत झालेली बाई हजेरीला किती दिवसांनी उभी राहिली, हे कोणत्याही आत्मवृत्तात आमच्या तरी वाचनात आलेले नाही.

मग लिहिल्याने बरे वाटते हे खरे, की केवळ म्हणावयाची गोष्ट? अमेरिकेतील पेनेबेकर व बील या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहावयास सांगितले. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंग. ज्यांनी प्रसंग आणि त्या वेळच्या भावना असे दोन्ही लिहिले, त्यांचे मन लिहून झाल्याबरोबर अधिकच जड झाले. परंतु पुढील सहा महिन्यांत दवाखान्यात जाण्याची वेळ त्यांच्यावर कमी आली. आपल्या ज्येष्ठांना वाटणारे भय आणि तरुणांची आशा, दोन्ही या एका प्रयोगात खरी ठरतात, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. जखम उघडताना दुखते हे ज्येष्ठ सांगतात ते अनुभवाचेच बोल आहेत. मात्र तो प्रयोग एकेकट्या माणसांवरचा होता. सबंध वस्तीचे दुःख एकट्याच्या वहीत मावेल असे नाही.

त्याकरिता अहमदाबादेतील छारानगरकडे पाहावे. छारा मंडळी म्हणजे आपल्या शेजारच्या कंजारभाटांचे भाऊबंद. त्यांचेही नगर मूळचे तारेतलेच. १९९८ च्या फेब्रुवारीत बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर नावाचा एक तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. सबर हीदेखील विमुक्त जमात. त्या निमित्ताने महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड एकत्र आले व विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी राहिली. छारानगरात एक छोटे वाचनालय निघाले, त्यात मुले जमू लागली, आणि त्याच मुलांनी बुधनच्या मरणावर नाटक बसविले. त्यातून 'बुधन थिएटर' जन्मास आले. ज्या मुलांनी पोलिसांचा मार घरात पाहिला होता त्यांनीच रंगमंचावर पोलीस उभा केला, आणि प्रेक्षकांत त्यांचेच आईबाप बसले. नाटकाची खरी करामत येथे आहे. पुस्तक एकट्याने लपवून वाचता येते. नाटक शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून पाहावे लागते. जे दुःख प्रत्येक घर स्वतःचेच समजून झाकीत होते, ते साऱ्या गल्लीचे निघाले.

इतक्या दूर जावयासच हवे असेही नाही. आपल्या जिल्ह्यातच पंढरपुरास कैकाडी महाराजांचा मठ आहे. राजाराम जाधव हे महाराजांचे मूळ नाव. गाडगेबाबांप्रमाणे कीर्तनातून अंधश्रद्धेवर आसूड ओढणारे. मठात वळणावळणाच्या वाटेने आत गेले की देवादिकांच्या, रामायण-महाभारतातील, संतांच्या आणि राष्ट्रपुरुषांच्या मूर्तींची रांगच लागते. कलासमीक्षक त्या मूर्तींस नाके मुरडतील. आम्हांस त्याची पर्वा नाही. ज्या जमातीच्या माणसाला गावात मुक्काम करावयाचा तर पाटलाला कळवावे लागे, तिच्यातील एकाच्या नावाने पंढरीत वास्तू उभी राहते आणि आषाढीला आलेले वारकरी 'कैकाडी' हा शब्द आदराने उच्चारीत तिच्यात शिरतात. एवढ्याशा शब्दाचा अर्थ इतका पालटण्यास कायदा रद्द होणे पुरले नाही. कोणीतरी कीर्तन करावे लागले, कोणीतरी माती आणि सिमेंट कालवावे लागले.

आपल्या हातांविषयीही दोन शब्द. टोपली, डालगे, कणगी विणणे ही कला म्हणून कोणी मोजली नाही. आपण तर नाहीच. तुराटीच्या आणि निर्गुडीच्या फोकांचा तळ कसा बांधावा, काठ कोठे वळवावा, हे ज्यांना डोळे मिटून येते अशा बायका आज आपल्या वस्तीत थोड्याच उरल्या असतील. प्लॅस्टिकने तो धंदा खाल्ला आणि गिरणीने त्याआधीच हात दुसरीकडे वळविले होते. त्या गिरण्याही गेल्या, जुनी गिरणी तर १९६३ सालीच बंद पडली. परंतु एवढे खरे की, वसाहतीच्या नोंदवहीत आपल्याविषयी जे काही लिहिले गेले, त्याला छेद देणारा पुरावा प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात कणगीच्या रूपाने उभा होता. तीत गावाचे धान्य राही. चोराने विणलेल्या कणगीत धान्य ठेवताना गाव कधी कचरले नाही, याचा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनात आला नाही.

सभेतील वादाचा निकाल अखेर असा लागला. स्मरणिकेत कोणाही कुटुंबाचे नाव घालून वसाहतीची हकीकत छापावयाची नाही. ज्याची त्याने परवानगी दिली तरच छापावयाची. हे बंधन आम्हांस मान्य आहे. मात्र न छापताही लिहून ठेवण्यास हरकत नाही, हेही सर्वांनी मान्य केले. त्याप्रमाणे मंडळाने या वर्षी कोऱ्या वह्या घेतल्या असून त्या चिटणीसांकडे मिळतील. ज्यांचे बालपण तारेत गेले ते आज ऐंशीच्या घरात आहेत. हात चालत नसेल तर नातवंडांनी लिहून घ्यावे. मराठीतच लिहिले पाहिजे असे नाही. आपल्या बोलीला लिपी नाही म्हणून ती लिहिता येत नाही हा समज चुकीचा आहे; देवनागरीत ती चांगली उतरते, आणि काही गोष्टी त्या बोलीतच आठवतात. फार मोठे लिहू नये. हजेरीची वेळ कशी कळे, दरवाजा कोणत्या अंगास होता, पास हरवला तर काय होई, घरात कोण गात असे, बाहेरून आलेली सून पहिल्या दिवशी काय म्हणाली, एवढे पुरे. विशेषतः स्त्रियांच्या वह्या प्रथम याव्यात अशी आमची इच्छा आहे. जी वही कोणास दाखवावयाची नसेल तिच्यावर तसे लिहावे. ती बांधून ठेवली जाईल.

येत्या ३१ ऑगस्टकरिता तरुण मंडळींनी एक लहान नाटुकले बसविण्यास घेतले आहे. तालमी रविवारी होतात. बाकीच्या भूमिका ठरल्या. परंतु हजेरी घेणाऱ्या कारकुनाचे काम करावयास कोणी तयार होत नाही, म्हणून पात्रयोजना तेवढी अडली आहे.